पल्सर १,४२,००० किमी झाली. आता चारशे सीसी घ्यावी का?

वारजेकर_४७

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लावतो, कारण घरी हा विषय काढायची आता सोय राहिलेली नाही.

माझी पल्सर १५० डीटीएस-आय, २००८ ची, एमएच-१२. मीटरवर १,४२,००० झालेत. रोज वारजे ते भोसरी एमआयडीसी, जाऊन-येऊन बावन्न किलोमीटर. शिवाय एकदा कन्याकुमारी, दोनदा हंपी, आणि नृसिंहवाडीच्या फेऱ्या मोजतच नाही. लाखाला बोर-पिस्टन केलं. किकच्या रबराचं नुसतं कडं उरलंय, डाव्या साइड पॅनेलला वायर बांधलीय, टाकीवर वरंध घाटातला पोचा आहे. पोचा काढून द्यायला दोघे डेंटर तयार होते, मीच नको म्हटलं. आरसी २०२३ मध्ये ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांसाठी नवी करून घेतली.

गेल्या मे महिन्यात श्रीवर्धनहून येत होतो. मागे ही, कॅरियरला आंब्याची पेटी. विळ्यापासून ताम्हिणी चढायला लागलो आणि पुढे एसटी. तिसऱ्यात गाडी ओढेना, दुसऱ्यात टाकली की नुसती बोंबलते. पाऊण घाट एसटीचा धूर खाल्ला. एवढ्यात कुणीतरी चारशेवाला मागून आला आणि दोघांना ओलांडून गेला. त्याच्याही मागे बाई बसलेली होती. ही म्हणाली, "आपली का नाही जात हो अशी?" एवढंच. पण तेव्हापासून झोप नाही.

तर आता रोज रात्री आकडे वाचतो. ट्रायम्फ स्पीड ४०० ची ताकद ४० पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), माझी नवी होती तेव्हा तेरा-चौदा. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० सुद्धा ४० पीएस, पण वजन १९६ किलो आणि सीट ८२५ मिलिमीटर. माझी उंची पाच फूट चार, तिच्यावर बसलो की बॅले डान्सर.

घ्यावी का? आणि जुनीचं काय करू? भंगारवाल्याने सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही, अपमान वाटतो.

पाना_१०_११

काका, हडपसरला माझं गॅरेज आहे, तेव्हा नवी घेऊ नका म्हणण्यात माझा स्वार्थ धरा. पण आधी एक करा. तुमच्या इंजिनाला दोन स्पार्क प्लग आहेत, हेडच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. गाडी गरम झाली की बंद करून एका प्लगची कॅप काढून ठेवा आणि पुन्हा चालू करा. मग ती लावून दुसरी काढा. चालू इंजिनावर कॅपला हात लावू नका, झटका बसतो. एकेका प्लगवर आवाज जरा बदलायला पाहिजे. एखाद्या प्लगवर एकट्याने चालूच झाली नाही, तर तोच प्लग किंवा त्याची कॉइल मेली. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या डीटीएस-आयमध्ये हे कायम दिसतं. हाताला सोपा असतो तो प्लग बदलतात, दुसरा तसाच. गाडी चालते, म्हणून कळत नाही.

धूरही बघा. रात्रभर उभी करून सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर आला आणि मग थांबला, तर व्हॉल्व्ह सील. चढावर रेस दिल्यावर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा.

सदाशिव_दुपारी_१_ते_४_बंद

वारजे ते भोसरी मार्गावर वाकडला सकाळी नऊ वाजता ४० पीएसचं नेमकं काय करणार, हे प्रश्नात आलेलं नाही. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. उरला ताम्हिणी, तो वर्षातून दोनदा.

हिशेब मांडून देतो. महिन्याला १३०० किमी. जुनी ४८ देते, नवी ३० देईल असं धरा. महिन्याला सोळा लिटर जादा, म्हणजे सोळाशेच्या वर गेले. थर्ड पार्टी विमा १५० सीसीच्या आत वर्षाला ७१४, साडेतीनशेच्या वर २८०४, त्यावर कर वेगळा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्यावर थेट ४०. सरकारनेही तुम्हाला इशारा दिलेला आहे.

घाटवेडी

वरच्या काकांचा हिशेब बरोबर आहे आणि तो वाचून कुणीही गाडी घेणार नाही.

मी १०० सीसीवरून चारशेवर आले, दोन वर्षं झाली. ताकदीपेक्षा ब्रेकचा फरक मोठा आहे. तुमच्या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. चारशेला दोन्हीकडे डिस्क आणि एबीएस. पहिल्या रविवारी सकाळी सहाला मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघा. लिव्हर हातात थरथरते, घाबरून सोडायची नाही, दाबून धरायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा खंबाटकी उतरताना थरथरली आणि मी सोडून दिली. वाचले, एवढंच.

दुसरं मनगट. लहान गाडीवर ओव्हरटेक म्हणजे रेस पूर्ण पिळायची, ही सवय अंगात मुरलेली असते. इथे तेवढी पिळलीत तर वहिनी मागे राहतील.

आणि सिंहगड रोडला मे महिन्यात उजव्या पोटरीला शेक मिळतो, तो फुकट.

वहिनींना आधी मागे बसवून बघा. मागची सीट ओढणीच्या घडीएवढी असते.

वारजेकर_४७

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी झाल्या.

एक, पानादादा, एका बाजूचा प्लग मेलेला निघाला! त्याच्या एकट्यावर गाडी चालूच होईना. काढला तर टोकावर काजळीचा थर, जणू मशेरी लावलीय. कधीपासून मेलाय देव जाणे. माझा नेहमीचा मेकॅनिक दुसऱ्या बाजूचाच बदलत होता, कारण तिकडे पाना सरळ जातो. दोन्ही नवे टाकले आणि परवा हिला घेऊन कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. तिसऱ्यात चढली. फार काही उडत गेली नाही, पण चढली. ही म्हणाली, "मग मे महिन्यात काय झालं होतं हिला?" मी गप्प.

दोन, त्याआधीच स्पीड ४०० ची टेस्ट राइड ठरली होती, ती रद्द केली नाही. सीट ७९० मिलिमीटर, दोन्ही पाय टेकले. पाषाण-सूस रस्त्याला एका टेम्पोला ओलांडताना घाटवेडी ताईंनी करू नका सांगितलं होतं तेच केलं, सवयीने पूर्ण पिळली. शोरूमचा पोरगा मागे बसला होता, त्याने माझा शर्ट धरला. टेम्पो आरशात इतका लहान दिसला की मीच दचकलो. परत आलो तेव्हा डाव्या हाताची बोटं किल्लीभोवती घट्ट मिटलेली होती, देताना पोराने हसून सोडवून घेतली.

सदाशिवराव, हिशेब छापून फ्रिजवर लावलाय. हिने त्याखाली पेनने लिहिलंय, "मागची सीट आधी दाखवा." तेव्हा शनिवारी तिला घेऊन जातोय.

जुनी विकत नाही. आरसी २०२८ पर्यंत आहे, भोसरीला तीच जाईल. पानादादा, पहिल्या स्टार्टला थोडा निळा धूर आहे, थांबतो मग. रविवारी आणू का?

पाना_१०_११

आणा. रविवारी दुपारपर्यंतच असतो. आलात की कोनसेटही (हँडलची बेअरिंगं) बघू, हँडल मधेच अडकतंय का सांगा.