पळून आला म्हणजे भित्रा?

जीव वाचवायला भारतात पळून येणाऱ्या परदेशी पत्रकारांवर इथे चर्चा चाललीय, त्यात एकांनी लिहिलंय की खरा पत्रकार देश सोडत नाही, तिथेच राहून लढतो. कोथरूडात चहा पीत हे म्हणायला आपल्या बापाचं काय जातंय!

ब्रह्मदेशचे पत्रकार सो म्यिंट यांचं बघा. १९९० साली मित्राबरोबर साबणाचा खोटा बॉम्ब दाखवून त्यांनी थाई एअरवेजचं विमान कोलकात्याला आणलं, लष्करशाहीकडे जगाचं लक्ष जावं म्हणून. (विमान पळवणं मला पटत नाही, ते असो.) १९९८ मध्ये दिल्लीतून ‘मिझिमा’ ही वृत्तसंस्था काढली. २००३ मध्ये आपल्याच कोर्टाने विमान पळवल्याच्या खटल्यात त्यांना निर्दोष सोडलं. २०१२ मध्ये मायदेशी परतले, तर २०२१ च्या बंडानंतर लष्कराने मिझिमाचा परवानाच काढून घेतला. भित्रा माणूस हे सगळं करतो?

आणि ‘भारतात रीतसर आश्रय मागायचा’ हा सल्ला. १९५१ च्या निर्वासित करारावर आपण सहीच केलेली नाही, त्यामुळे ‘रीतसर’ म्हणजे नेमकं कुठे जायचं? दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय निर्वासित असल्याचं कार्ड देतं, पण ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे.

कोंढव्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक अफगाण मुलगा राहायचा. काबूलला रेडिओवर बातम्या द्यायचा, इथे स्टुडंट व्हिसावर. कालनिर्णयवर व्हिसा संपायच्या तारखेभोवती लाल गोल. घरमालकाने सी फॉर्म (परदेशी भाडेकरूची सरकारकडे नोंद करायचा) भरताना व्यवसाय विचारला, तर पठ्ठ्या पटकन ‘विद्यार्थी’ म्हणाला आणि जिन्याकडे बघत बसला.