ट्रेनिंग सेंटरच्या मॅडम ऐकूनच घेत नाहीत, काय करू?

तासगावकर: मळणी मशीनमध्ये डावा हात मनगटापासून गेला, दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र आहे. बी.कॉम. झालंय म्हणून टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकायचं म्हणतोय तर समुपदेशक मॅडम म्हणतात मेणबत्त्याच कर, एका हाताने कीबोर्ड जमणार नाही, आणि सोमवारी माझ्यापुढंच फाईल मिटवून ठेवली. भांडण झालं, आता फोनपण उचलत नाहीत.

कराडचा भाऊ: मेणबत्त्या काय एका हाताने आपोआप होतात होय? तोंडी बोलणं बंद कर आता. काय शिकायचंय, का, आणि नकार असेल तर कारण लेखी द्या, असा अर्ज दे. दोन प्रती काढ, एकीवर शिक्का नि तारखेसकट पोच घे.

मिरजेची ताई: अर्ज सेंटरच्या प्रमुखांना दे, समुपदेशक बदलून माग. एका हाताने टाईप करतानाचा व्हिडिओ दाखव, माझ्या पोराच्या वेळी त्यानंच काम झालं. तरी अडलं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 19 प्रशिक्षणाचंच आहे, पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करता येते. सेंटर सरकारी असेल तर माहिती अधिकारात फाईलची प्रतपण माग.

तासगावकर: व्हिडिओचं सुचलंच नव्हतं ताई. उद्याच झेरॉक्स काढतो.