एसएसडी बसवली, पण तिच्यावर विंडोज जात नाही

प्रेषक: खजिनदार

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या हिशोबाच्या डेस्कटॉपमधली 1 टीबीची हार्ड डिस्क फारच कुरकुर करायला लागली, म्हणून 500 जीबीची साटा एसएसडी बसवली आहे. एसएसडी नवी नाही, एका जुन्या लॅपटॉपमधून काढलेली आहे. प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-5, रॅम 8 जीबी. विंडोज 11 चा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने केला.

सेटअपमध्ये एसएसडी दिसते, पण निवडली की खाली पिवळा त्रिकोण येतो: या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही, डिस्कवर एमबीआर (जुन्या पद्धतीचं) पार्टिशन टेबल आहे, ईएफआय यंत्रणेत जीपीटीच (नवी पद्धत) लागते. फॉरमॅट केली, सगळी पार्टिशनं उडवली, तरी ढिम्म. जुनी हार्ड डिस्कही अजून आतच जोडलेली आहे. तीन वर्षांची वर्गणी आणि गणेशोत्सवाचा खर्च तिच्यावरच आहे.

—

प्रेषक: क्रीडा समिती

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सीएसएम, म्हणजे जुन्या (लिगसी) पद्धतीने बूट करायची सोय, चालू करा आणि पेनड्राइव्ह लिगसी मोडमध्ये बूट करा. मग एमबीआर चालते. दोन मिनिटांचं काम.

—

प्रेषक: संकेतस्थळ समिती

सीएसएमच्या वाटेला जाऊ नका. विंडोज 10 असतं तर ती युक्ती चालली असती. विंडोज 11 ला यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत, वरचं ईएफआय तेच) लागतंच, सेक्युअर बूटची (फक्त खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी) सोय असावी लागते आणि सीएसएम चालू असताना सेक्युअर बूट चालत नाही. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे मागे फिरण्यातही अर्थ नाही.

पार्टिशनं उडवून फरक का पडत नाही? पार्टिशनं म्हणजे खोल्या, टेबल म्हणजे घराचा आराखडा. खोल्या पाडल्या तरी जुना आराखडा तसाच राहतो. नवी कोरी डिस्क असती तर सेटअपने स्वतःच जीपीटी केली असती. तुमची एसएसडी लिगसी लॅपटॉपमधून आल्यामुळे तो आराखडा सोबत घेऊन आली.

आधी हार्ड डिस्क सोडवा. मशीन बंद, मागची वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, मग हार्ड डिस्कची साटा केबल मदरबोर्डच्या बाजूने ओढून काढा. डिस्क कप्प्यात राहिली तरी चालेल. हिशोबाची डिस्क जोडलेली ठेवून पुढची कमांड देणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मग पेनड्राइव्हवरून बूट करा. बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोन नावांनी दिसू शकतो. ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो घ्या. सेटअपचा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ10 दाबा, काळी खिडकी उघडेल. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय, टाइप अर्थात रोमनमध्ये करायच्या:

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
सिलेक्ट डिस्क 0
क्लीन
कन्व्हर्ट जीपीटी
एक्झिट

लिस्ट डिस्क दिल्यावर थांबा आणि आकडा वाचा. 500 जीबीची डिस्क तिथे 465 जीबी दिसते, 1 टीबीची 931. 931 दिसत असेल तर केबल चुकीची निघाली आहे. तिथेच बंद करा. पेनड्राइव्हही यादीत असतो, त्यामुळे 0 हा क्रमांक डोळे झाकून टाकू नका. क्लीन "खरंच का?" असं विचारत नाही, लगेच पुसते. एक्झिट देण्याआधी पुन्हा लिस्ट डिस्क दिलं की जीपीटीच्या रकान्यात चांदणी दिसली पाहिजे. मग खिडकी बंद करून डिस्कच्या यादीत रिफ्रेश दाबा, मोकळी जागा निवडा आणि पुढे जा. पार्टिशनं हाताने करत बसू नका, सेटअप करतो.

"हा पीसी विंडोज 11 चालवू शकत नाही" असं आलं तर बायोसमध्ये इंटेल पीटीटी चालू करा. त्याने टीपीएम 2.0 (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू होतो. तो प्रोसेसरसोबत असतो, पण या पिढीच्या पुष्कळ बोर्डांवर कारखान्यातूनच बंद येतो. प्रॉडक्ट की मागितली तर "माझ्याकडे की नाही" निवडा. डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्क बदलल्याने जात नाही. फक्त होम असेल तर होमच निवडा, प्रो नको.

—

प्रेषक: खजिनदार

क्लीन, कन्व्हर्ट सगळं झालं, विंडोजही बसलं. पण एक कबुली: हार्ड डिस्कची केबल ग्राफिक कार्डाखाली अडकली होती, म्हणून ती न काढताच केलं (आकडे दोनदा वाचले, हिशोब शाबूत आहेत). आज कार्ड सैल करून हार्ड डिस्क काढली, तर मशीन म्हणतं बूट करण्याजोगं उपकरण सापडलं नाही. परत जोडली की एसएसडीवरचं विंडोज व्यवस्थित सुरू होतं!

—

प्रेषक: संकेतस्थळ समिती

म्हणूनच केबल काढा म्हणत होतो. :)

सेटअपला हार्ड डिस्कवर विंडोज 10 चं ईएफआय पार्टिशन तयार मिळालं, मग त्याने बूटची किल्ली तिथेच ठेवून दिली. घर एसएसडीवर, किल्ली शेजाऱ्याकडे. शेजारी गावाला गेला की तुम्ही दाराबाहेर.

विंडोजमध्ये अजून काही टाकलं नसेल तर हार्ड डिस्क काढलेलीच ठेवून पुन्हा क्लीनपासून सुरुवात करा, तेच सोपं. बरंच टाकून झालं असेल तर किल्ली एसएसडीवर करून घेता येते. हार्ड डिस्क काढलेली असतानाच पेनड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट-एफ10, डिस्कपार्ट. मग लिस्ट व्हॉल्यूम देऊन विंडोजचा व्हॉल्यूम आकारावरून ओळखा आणि त्याचं अक्षर टिपून ठेवा. पेनड्राइव्हवरून आल्यावर ते सीच असेल असं नाही. समजा व्हॉल्यूम 1, अक्षर डी:

सिलेक्ट व्हॉल्यूम 1
श्रिंक डिझायर्ड=300
सिलेक्ट डिस्क 0
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइज=260
फॉरमॅट क्विक एफएस=फॅट32
असाइन लेटर=एस
एक्झिट
बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

डिस्क 0 हीच एसएसडी आहे हे इथेही आधी लिस्ट डिस्क देऊन पाहा. "बूट फाइल्स तयार झाल्या" अशा अर्थाची ओळ आली की झालं. फाइल कॉपी करता आली नाही असं आलं तर बहुतेक अक्षर चुकलंय, नाहीतर पार्टिशन फॅट32 ऐवजी एनटीएफएस झालंय.

—

प्रेषक: ग्रंथालय

तुमचा कीबोर्ड जर्मन असेल तर यात एक खड्डा आहे. पेनड्राइव्ह इंग्रजी-यूएस असेल तर त्या काळ्या खिडकीत कीबोर्ड यूएस धरला जातो, तुमच्या बटणांवर काहीही छापलेलं असो. तेव्हा कोलनसाठी शिफ्ट आणि ओ-उमलाउट, उलट्या तिरक्या रेघेसाठी एंटरशेजारचं हॅश, सरळ तिरक्या रेघेसाठी पूर्णविरामाच्या उजवीकडचं वजाचं बटण. बरोबरचं चिन्ह हवं तर शून्यापासून उजवीकडे दुसरं बटण, बॅकस्पेसला लागून. वाय आणि झेड अदलाबदल. पेनड्राइव्ह जर्मन असेल तर जे छापलंय तेच उमटतं.

विंडोजचा पासवर्ड ठेवताना कोपऱ्यातली कीबोर्डची अक्षरंही बघा. यूएस कीबोर्डवर ठेवलेला आणि वाय असलेला पासवर्ड दुसऱ्या दिवशी जर्मन कीबोर्डवर लागत नाही, आणि माणूस कॅप्स लॉकला दोष देत बसतो.

—

प्रेषक: खजिनदार

दुसऱ्या मार्गाने झालं. व्हॉल्यूमचं अक्षर ई निघालं. हार्ड डिस्क बाहेर आहे आणि मशीन सुरू होतंय. आता हिशोब एसएसडीवर कसे आणू? हार्ड डिस्क परत आत जोडू का?

—

प्रेषक: संकेतस्थळ समिती

जोडा, पण जोडल्यावर विंडोज सुरू करण्याआधी बायोसच्या बूट क्रमात पाहा. "विंडोज बूट मॅनेजर" दोन वेळा दिसेल, त्यातला एसएसडीचं नाव असलेला वर घ्या. आत जोडायची नसेल तर यूएसबी-साटा अडॅप्टर चालतो, पण साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात, म्हणजे स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कचा स्वस्त अडॅप्टर तिला फिरवू शकणार नाही. जुन्या यूजर फोल्डरवर "परवानगी नाही" आलं तर कंटिन्यू दाबून थांबा, फायली जास्त असतील तर वेळ लागतो. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मागेल. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन चालत होतं त्या खात्यात सापडते. ते खातं आधीच्या खजिनदारांचं असेल तर त्यांना आजच फोन करा.

डिस्क कुरकुर करते म्हणालात, तेव्हा आधी हिशोबाचं फोल्डर उचला, गणपतीचे फोटो नंतर.