मदत हवी आहे: मुलं अंगावर चढत असताना ताकदीचा व्यायाम कसा करायचा?

नमस्कार. आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगी 6 वर्षांची, मुलगा 3 वर्षांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांनुसार मोठ्यांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान 2 दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. व्यायाम एका वेळी सलग किमान 10 मिनिटं हवा ही जुनी अट त्यात नाही, हे वाचून मला फार धीर आला. त्यामुळे चालणं जमतं: जिने, शाळेची ने-आण, फोनवर बोलताना फेऱ्या.

अडतं ते ताकदीच्या व्यायामापाशी. चटई अंथरली की धाकटा पाठीवर स्वार. प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ ताठ धरणं) सुरू केला की पोटाखाली बोगदा तयार होतो आणि त्यातून गाड्या धावतात. मोठी आकडे मोजते, पण आठानंतर थेट वीस म्हणते, मग त्यावरून दोघांची जुंपते. त्यांना हाकलावंसं मात्र वाटत नाही. पाच वर्षांपुढच्या मुलांनाही रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल हवीच असते, मग सगळ्यांचं एकत्रच का होऊ नये?

(पहाटे उठायला कृपया सुचवू नका. धाकट्याची झोप अजून तुटक आहे, मला ती पहाटेची झोप हवीच.)

14 किलोचं मूल कडेवर किंवा पाठीवर घेऊन स्क्वॉट (उठाबशांसारखा व्यायाम) करणं कंबरेला कितपत सुरक्षित? आणि मुलं रमतील, शिवाय माझ्या खांद्यांना-पाठीला खरा व्यायाम होईल असे कोणते खेळ आहेत? कुणी फिजिओथेरपिस्ट किंवा यातून गेलेले पालक असतील तर जरूर सांगा.