मिठाच्या वाट्या, धूप आणि घराची एनर्जी: खरंच काही होतं का?

उंबरठा:
भाड्याच्या नवीन घरात येऊन दीड महिना झाला. घर छान आहे पण आतल्या खोलीत गेलं की कसंतरीच होतं, डोकं जड, चिडचिड, दहा मिनिटं बसवत नाही. मग एनर्जी क्लीन करायचे साधे उपाय सुरू केले, रोज संध्याकाळी धूप, प्रत्येक खोलीत खड्या मिठाची वाटी आणि घंटा वाजवत घरभर एक फेरी. बाकी खोल्यांतलं मीठ कोरडं ठणठणीत आणि ह्या खोलीत कपाटाजवळच्या वाटीतलं तिसऱ्या दिवशी अक्षरशः पाण्यात! निगेटिव्हिटी शोषली म्हणजे अजून काय असतं? तुमचे अनुभव सांगा, टिंगल नको.

शंकासुर:
टिंगल नाही करत पण मीठ हेच करतं हो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, मग घरात भांडणं असोत नाहीतर नुसतं रिकामं गोडाऊन असो. एकच वाटी भिजते म्हणजे तो कोपरा ओला आहे. कपाट पुढे ओढून मागे बघा एकदा. आणि शुद्धीसाठी घरात धूर करायचा हे लॉजिक मला आजवर कळलेलं नाही. पीएम २.५ म्हणतात ते बारीक कण त्या धुरात असतातच, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा दिवसभराच्या सरासरीला घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, बंद खोलीत धूप पेटला की तेवढ्या वेळापुरता आकडा त्याच्या कितीतरी पट जातो.

निवांत:
आले मोजमापवाले! मोजता येत नाही म्हणजे नसतंच का? आमच्याकडे लांबलेलं आजारपण झालं, त्यानंतर घर असं काही जड झालेलं की कोणी मोठ्याने बोलायचं नाही. एका सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, गाद्या-चादरी उन्हात टाकल्या, पलंग हलवला, मिठाच्या पाण्याने फरशी पुसली आणि शेवटी धूप फिरवला. संध्याकाळी घर हलकं वाटलं. हे कुठल्या मीटरवर दाखवणार?

शंकासुर:
म्हणजे खिडक्या तुम्ही उघडल्या, फरशी तुम्ही पुसली आणि श्रेय धुराला! अहो बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, दोन माणसं बंद खोलीत रात्रभर झोपली की सकाळी हजाराच्या वर सहज जातो. खोलीत हजाराच्या आत ठेवा हे पेटेनकोफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५८ मध्येच सांगून ठेवलंय. ऊन जंतू मारतं हेही डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवलं, फक्त काचेतून आलेल्या उन्हात ती ताकद बरीच कमी होते, म्हणून चादर बाहेरच टाकायची.

हिरवळ:
झाडं लावा ना! नासानेच सांगितलंय की झाडं हवा शुद्ध करतात.

शंकासुर:
१९८९ चा तो प्रयोग हवाबंद पेटीत झाला होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा हिशोब मांडला तर साध्या हवेच्या येण्याजाण्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील असं निघालं. लावा, पण मग झोपायचं कुठे?

मनीमाऊ:
मध्येच एक, डिफ्युझरमध्ये (सुवास पसरवायच्या यंत्रात) सुगंधी तेलं टाकणाऱ्यांनो घरात मांजर असेल तर जरा जपून, टी ट्री ऑइल त्यांना विषारी असतं.

निवांत:
शंकासुर, सगळं मान्य, पण मला एक सांगा, तुमच्या घरचा पलंग शेवटचा कधी हलवला होता? आकडे पाठ असून माणूस उठत नाही हो. आज घर शुद्ध करायचंय असं मनात घेतलं की हात आपोआप कोपऱ्यात जातात. तुम्ही त्याला निमित्त म्हणा, मी एनर्जी म्हणते.

शंकासुर:
पलंगाचा विषय काढायची गरज नव्हती 😅

उंबरठा:
कपाट ओढलं. मागे भिंतीवर तळहाताएवढे तीन काळे डाग, रंगाचे पापुद्रे सुटलेले, आणि धुपाखाली दबलेला तो कुबट वास भसकन नाकात गेला. पलीकडे बाथरूमची भिंत आहे. घरमालकांना फोटो पाठवलेत, बघूनही उत्तर नाही. शंकासुर, तुमचं बरोबर निघालं, पण मला कोपरा दाखवला तो मिठानेच ना? घंटा चालू राहणार.

शंकासुर:
घंटेला माझी कधीच हरकत नव्हती. बुरशी कोरडी झाडू नका, उडते, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. आणि आधी गळती बंद करायला लावा, नुसता वरून रंग मारून देतील तर डाग परत येणार.

निवांत:
आणि वाटी तिथेच राहू दे. दुरुस्ती खरी झाली की नाही ते घरमालकांच्या आधी तीच सांगेल.