ख्याल ऐकणाऱ्या बाबांसाठी जॅझच्या एलपी सुचवा (बजेट ६,०००, पियानो नको)

गोदाकाठ (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. बाबांना पुढच्या महिन्यात सत्तर पूर्ण होताहेत. जन्मभर ख्याल ऐकला. मन्सूर, कुमारजी, किशोरीताई, याच क्रमाने. माळ्यावरचा टर्नटेबल दुरुस्त करून आणलाय आणि आता रोज संध्याकाळी तो चालू असतो. जॅझ त्यांनी कधी लक्ष देऊन ऐकलं नाही, पण परवा माझ्या फोनवर सॅक्सोफोन लागला होता तर स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाले, "हा श्वास कुठे घेतोय बघ." तेव्हापासून डोक्यात आहे.
दोन किंवा तीन एलपी हव्यात. सगळे मिळून सहा हजार, ओढूनताणून साडेसहा. सीडी नकोत. आणि एक अट: पियानो पुढे नको. एका सुरावरून दुसऱ्यावर जायला त्यात वाटच नाही, मींड नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. यावर वाद घालून झालाय, उपयोग नाही.

जुनीतबकडी
काइंड ऑफ ब्लू. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, १९५९. डोळे मिटून घ्या. घरात जॅझची एकच रेकॉर्ड ठेवायची तर हीच. कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे गट) भराभर बदलत नाहीत, एकेका स्वरावलीवर माणसं निवांत बसतात, ख्यालवाल्याला लगेच पटेल. माझ्याकडे जपानी प्रेसिंग (तिकडे छापलेली प्रत) आहे, कागदी पट्टीसकट. मिळालं तर तेच घ्या, बाकीच्यांत ती झांज तशी ऐकू येत नाही.

लेहरा
+१. 'सो व्हॉट' म्हणजे जवळजवळ काफीच. सोळा बार (चार-चार मात्रांचे गट) एका सा वर, मग आठ बार सगळंच्या सगळं अर्ध्या सुराने वर, मग आठ बार परत मूळ जागी. बाबांना एवढं आधी सांगून ठेवा, बाकीचं ते स्वतःच शोधतील.

निळासूर
काफी म्हणू नका हो. स्वर काफी थाटाचे आहेत, राग काफी नव्हे. रागाला चलन (सुरांची ठरलेली चाल) लागतं, न्यासाच्या म्हणजे थांबायच्या जागा लागतात. आणि आपल्याकडे चालू गाण्यात सा उचलून अर्धा सूर वर कोण ठेवतं? ख्याल ऐकणाऱ्याला "हे आपल्यासारखंच आहे" म्हणून ऐकायला बसवलं की तो राग शोधत बसतो, आणि समोर जे वाजतंय ते राहून जातं. वेगळं आहे म्हणूनच ऐकवा.

लेहरा
थाट म्हणायचं होतं. मुद्दा तोच राहतो.

हडसनपलीकडे
अ लव्ह सुप्रीम. दुसरं नाव घेऊ नका. सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन, ९ डिसेंबर १९६४, एंगलवूड क्लिफ्समधला रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ. आम्ही न्यू जर्सीत राहतो, नऊ-डब्ल्यू रस्त्याने जाताना तो लागतो. आतलं उंच लाकडी छत एखाद्या प्रार्थनाघरासारखं आहे आणि रेकॉर्डवर ती जागा ऐकू येते. पहिल्या भागात बेसवर चार सुरांचा एक तुकडा येतो. कोल्ट्रेन तो तुकडा उचलून बाराही पट्ट्यांतून फिरवतो आणि शेवटी वाद्य बाजूला ठेवून तेच चार सूर तोंडाने म्हणतो. नामजप ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चौथ्या भागात तर त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना शब्दाशब्दाने सॅक्सोफोनवर वाचली आहे. मजकूर कव्हरच्या आत छापलाय, तो हातात धरून ऐकता येतं. मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं होतं.
घ्यायची तर अॅनालॉग टेपवरून कापलेलीच (खाचा पाडलेली) घ्या. माझ्याकडे तिच्या वेगवेगळ्या काळातल्या प्रती आहेत, फरक जमीन-अस्मानाचा आहे.

गोदाकाठ
हडसनपलीकडे, मनापासून आभार. पण तुम्ही म्हणताय तशी एक घेतली की बजेटचा मोठा भाग त्यातच जाईल. आणि काइंड ऑफ ब्लूवर पियानो बराच आहे ना?

जुनीतबकडी
त्यातल्या बिल इव्हान्सच्या पियानोला पियानो म्हणून नाकारणं मला पटत नाही. तो सूर सोडतो कसा ते ऐका, पुढचा सूर आधीच्याच्या विरण्यातून उगवतो. बाबांना ऐकवा तरी.

ठाणे_पश्चिम
कीथ जॅरेटची कोल्न कॉन्सर्ट!! २४ जानेवारी १९७५. एकटा माणूस, काही ठरवलेलं नाही, आणि समोर आलेला पियानो भलताच, लहान आणि बिघडलेला. वरचे सूर किरकिरे, खर्ज अशक्त. मग तो मधल्या सप्तकातच खेळत राहिला, डाव्या हाताने एकच आकृती पुन्हा पुन्हा धरून. याहून ख्यालाच्या जवळचं काय असणार? एक सूर घेऊन तासभर बढत.

निळासूर
धागाकर्तीने पियानो नको म्हटलंय. तुम्ही नुसत्या पियानोची रेकॉर्ड सुचवताय.

ठाणे_पश्चिम
एकदा ऐकली की मत बदलेल. माझ्या सासऱ्यांचं बदललं.

सीडीप्रेमी
एलपीचा हट्ट कशाला? सहा हजारांत सीडींचे डबेच्या डबे येतात. मी मागवलेली एलपी कुरिअरमधून वाकून आली, सुई लाटेवरच्या होडीसारखी वरखाली, दुकानदार म्हणे परत घेणार नाही. तेव्हापासून सीडी. आणि काइंड ऑफ ब्लूच्या जुन्या एलपींवर पहिली बाजू चढ्या पट्टीत आहे हे कुणी सांगितलंच नाही! रेकॉर्डिंगच्या दिवशी टेपचं यंत्र किंचित संथ चालत होतं. ती टेप योग्य वेगाने वाजवली की सूर वर चढतो. १९९२ मध्ये दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ते दुरुस्त केलं. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला दोन बाजूंमधला फरक खुपेल.

जुनीतबकडी
खुपत नाही. जगाने तीसेक वर्षं तशीच ऐकली.

गोदाकाठ
हे मात्र बाबांना नक्की खुपेल. शेजारच्या हार्मोनियमची पट्टी उतरली तरी खिडकी लावतात.

म्हापशेंकार
सगळे न्यूयॉर्कच्या गप्पा मारताहेत. ताई, बाबांनी जॅझ ऐकलेलं नाही असं समजू नका. सी. रामचंद्रांची गाणी ऐकली असतील ना? 'अलबेला' (१९५१) मधला तो ट्रम्पेट चिक चॉकलेटचा. खरं नाव आंतोनियो शाव्हियेर वाझ, आमचा गोंयकार, मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचं आणि दिवसा स्टुडिओत सिनेमासाठी, असे कितीतरी गोंयकार तेव्हा मुंबईत होते. माझ्या मामाच्या घरी त्या काळच्या रेकॉर्ड्सचा पेटारा होता, पावसाळ्यात बुरशी लागून अर्धा गेला. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका, आणि प्लास्टिकची घट्ट पिशवी काढून टाका.
आधी आर्मस्ट्राँग द्या. 'वेस्ट एंड ब्लूज', १९२८. सुरुवातीला ट्रम्पेट एकटाच येतो, मागे ठेका नाही, काही नाही. आणि मग मध्ये तो नुसत्या आवाजाने गातो, शब्दांशिवाय. आलापच तो.

लेहरा
टेक फाइव्ह कुणीच कसं सुचवलं नाही? डेव्ह ब्रूबेकची टाइम आउट, १९५९. पाच मात्रा, आपला झपताल.

निळासूर
झपताल दोन-तीन-दोन-तीन. टेक फाइव्ह तीन-दोन. वजन वेगळं पडतं.

लेहरा
मान्य, पण ऐकायला कुठून सुरुवात करायची यासाठी म्हणतोय. मी तबला शिकतो, म्हणून त्यातली एक जागा सांगतो. मध्यावर ड्रमवाल्या जो मोरेलोचा सोलो येतो तेव्हा ब्रूबेक पियानोवर एकच छोटी आकृती धरून ठेवतो, न हलता, आणि मोरेलो तिच्यावर ओळी आडव्या टाकतो, मध्येच गप्प बसतो, मग परत येतो. तो पियानो म्हणजे लेहरा (तबल्यामागे फिरत राहणारी धून) आहे. बाबांना त्याचा त्रास व्हायचं कारण नाही, कारण तिथे तो सूर लावायला नाही, मात्रा मोजून द्यायला बसलाय. १९५८ साली ब्रूबेक भारतात येऊन गेला होता.

ठाणे_पश्चिम
टेक फाइव्ह लिफ्टमध्ये वाजतं हो आता. कोल्नच.

खरजाचा_सूर
उशिरा आलो. मूळ प्रश्न परत वाचला. पियानो नको, सॅक्सोफोनचा श्वास आवडला, पैसे मोजके. याचं सरळ उत्तर सनी रॉलिन्स आहे आणि अजून कुणी नाव घेतलं नाही.
'वे आउट वेस्ट', मार्च १९५७, लॉस एंजेलिस. टेनर सॅक्सोफोन, रे ब्राउनचा बेस, शेली मॅनचे ड्रम, बस. पियानो नाही, गिटार नाही. तिघांनाही दिवसा कामं होती म्हणून पहाटे तीनला सुरू केलं. मागे कॉर्ड धरणारं कुणी नसल्यामुळे प्रत्येक सुराची जबाबदारी एकट्या रॉलिन्सवर येते. तो एखादी साधी ओळ घेतो, काउबॉयच्या सिनेमातली, आणि तिचेच तुकडे उलटेपालटे करत राहतो. मुखड्याला सोडत नाही. जुन्या स्टीरिओमुळे सॅक्सोफोन एका बाजूला आणि बेस-ड्रम दुसऱ्या बाजूला येतात, तेवढी सवय करावी लागते.
दुसरी, 'द ब्रिज', १९६२. नाव झालेलं असताना रॉलिन्सने १९५९ मध्ये कार्यक्रम बंद केले आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवत बसला, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. दोन वर्षं नुसता रियाज. त्यानंतरची ही पहिली रेकॉर्ड, पियानोऐवजी जिम हॉलची गिटार आहे. पुढे तो पवईच्या आश्रमातही येऊन राहिला होता, आणि १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईत वाजवून गेला.
पैशांबद्दल: १९६२ पर्यंतच्या रेकॉर्डिंगचे हक्क युरोपात संपलेत, म्हणून तिकडची छोटी लेबलं स्वस्त प्रती काढतात. बऱ्याचशा डिजिटलवरून कापलेल्या असतात. तुमच्या वापराला चालतील, फक्त त्यांना "ओरिजिनल" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.
आणि सगळ्यांत आधी सुई बघा. टर्नटेबल दुरुस्त करताना कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बदललं का? जुनं सिरॅमिक असेल तर रेकॉर्डवर भार बराच जास्त पडतो. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला साधारण दोन ग्रॅम पुरतात. तसंच ठेवून नवी एलपी वाजवलीत तर वर्षभरात वरचे सूर खरखरीत होतील.

हडसनपलीकडे
सुईचं अगदी बरोबर. पण रॉलिन्स आणि कोल्ट्रेन एका पंगतीत बसत नाहीत.

खरजाचा_सूर
'टेनर मॅडनेस' मध्ये एकत्र बसलेत, १९५६. ऐकून ठरवा.

जुनीतबकडी
वे आउट वेस्टचं कव्हर बघितलंय ना? वाळवंटात काउबॉय हॅट घालून उभा. सत्तरीच्या माणसाला काय वाटेल? काइंड ऑफ ब्लू.

म्हापशेंकार
कुणीच गाणं सुचवत नाही. बाबा गाणं ऐकणारे आहेत. एला आणि लुई, १९५६. नाहीतर बिली हॉलिडे, पण १९३७ च्या आसपासची, लेस्टर यंग मागे सॅक्सोफोन वाजवतो ती. ती गाते आणि तो तिच्या ओळीच्या शेवटी हळूच उत्तर देतो. नंतरची बिली घेऊ नका, आवाज गेला होता.

निळासूर
नंतरची नको याला अनुमोदन. 'लेडी इन सॅटिन' तर अजिबात नको. व्हायोलिनांचा पाक आणि त्यात तुटका आवाज.

जुनीतबकडी
सहमत.

हडसनपलीकडे
सहमत. ते जॅझही नाही धड.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. उशीर झाला, कारण इथे आलेलं एकेक नाव बाबांना फोनला स्पीकर लावून थोडं थोडं ऐकवत होते. वाढदिवसाचं गुपित राहिलं नाही, पण हे बरं झालं.
काइंड ऑफ ब्लू: "छान आहे." पेपर वाचत राहिले. टेक फाइव्ह: लेहरा, तुम्ही सांगितलेली जागा त्यांनी मांडीवर हाताने मोजली आणि परत लावायला सांगितली. कोल्न: चहा करायला उठले. कोल्ट्रेन: पूर्ण ऐकलं, शेवटी म्हणाले, "हा माणूस फार अडचणीत आहे," आणि त्यावर पुढे काही बोलले नाहीत. रॉलिन्स आवडला, त्याचा श्वास आवडला.
मग निळासूर यांनी नको म्हटलं म्हणून मुद्दाम लेडी इन सॅटिन लावली. पहिलंच गाणं, 'आय अॅम अ फूल टू वाँट यू'. बाबांनी पेपर ठेवला. तिने एक सूर धरायला घेतला, तो तिच्या हातून सुटला, आणि सुटला तिथून तिने पुढचा शब्द उचलला. हा आवाज गेलेला नाही, म्हणाले, आवाजाची मिजास गेली आहे, आता नुसतं गाणं उरलंय. मन्सूरांबद्दलही ते हेच म्हणायचे. वय विचारलं. फेब्रुवारी १९५८ मध्ये ती बेचाळीस वर्षांची होती हे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना.
तर लेडी इन सॅटिन घेतली, आणि उरलेल्या पैशांत कार्ट्रिज. खरजाचा_सूर, तुम्ही म्हणालात तसं जुनं सिरॅमिकच निघालं. वे आउट वेस्ट दिवाळीला.

निळासूर
व्हायोलिनांबद्दलचं माझं मत कायम आहे. पण बाबांचं वाक्य लिहून ठेवलं.

खरजाचा_सूर
उत्तम. माइल्स डेव्हिसलाही शेवटच्या काळातली बिलीच जास्त आवडायची. आणि ही रेकॉर्ड झाली न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत, काइंड ऑफ ब्लू जिथे झाली तिथेच, वर्षभर आधी. कार्ट्रिज बसवल्यावर भार काट्यावर मोजून घ्या, अंदाजाने नको.

जुनीतबकडी
म्हणजे स्टुडिओ तोच. मग काइंड ऑफ ब्लू कधी?

ठाणे_पश्चिम
ताई, कोल्नची दुसरी बाजू ऐकवली का? पहिली अनेकांना लागत नाही.