निवृत्तीच्या उंबरठ्यावर शाखेत एकटे पडणे

प्रश्न :
मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या नाशिकमधील शाखेत अधिकारी आहे, वय ५६. जुनी कर्जप्रकरणे, थकबाकीदारांशी बोलणी यासाठी तरुण सहकारी आवर्जून माझ्याकडे येतात. परंतु डबा ते एकत्र खातात, सहलीचे बेत त्यांच्या वेगळ्या व्हॉट्सॲप गटावर ठरतात आणि सगळे हरिहर गड चढून आले हे मला सोमवारी कळते. विचारले तर ‘मॅडम, तुम्हाला दगदग नको म्हणून सांगितले नाही’ असे उत्तर मिळते. ते आदरापोटी दिलेले असते, त्यामुळे रागावताही येत नाही. पण मला गड झेपेल की नाही, हे मला कोणी विचारलेलेच नसते. यातून मार्ग कसा काढावा?

प्रतिसाद १ :
ताई, मी बँकेतूनच निवृत्त झालो. याचे मूळ बरेचसे भरतीच्या इतिहासात आहे. नव्वदच्या दशकात सरकारी बँकांतील भरती मंदावली, २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन असंख्य अनुभवी माणसे बाहेर पडली आणि पुढे, २०११ पासून आयबीपीएस या बँकभरती करणाऱ्या संस्थेच्या सामायिक परीक्षेतून मोठ्या संख्येने तरुण आले. मधल्या वयाची फळीच विरळ राहिल्यामुळे दोन पिढ्यांना जोडणारे कोणी उरले नाही, आणि जिथे ओळख नसते तिथे माणूस वयावरूनच अंदाज बांधतो.

प्रतिसाद २ :
मी स्वतः तरुण अधिकारी आहे. दगदगीचे कारण पुढे केले जाते, पण ज्येष्ठांसमोर मोकळेपणाने बोलता येणार नाही ही धास्तीही त्यामागे असते. आमच्याकडे जेवणाच्या पाळ्या लावताना ज्येष्ठांना सवयीने पहिली पाळी दिली जाते, म्हणजे एकत्र बसण्याची वेळच येत नाही. मॅडम, शाखा व्यवस्थापकांना सांगून आपली पाळी बदलून घ्या आणि पुढच्या गडाला ‘मी येते’ असे स्वतःहून कळवा.

प्रतिसाद ३ :
पाळीची सूचना उत्तम आहे, मात्र सगळा भार ताईंवरच टाकणे मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी पूर्वग्रह असतो. येल विद्यापीठातील बेका लेव्ही यांच्या संशोधनातून तर असे दिसते, की हे समज माणूस लहानपणापासून आत्मसात करतो आणि वय झाल्यावर स्वतःलाच लावू लागतो. वारंवार वगळल्या गेलेल्या व्यक्तीने एक दिवस आपणहून ‘आता माझे काय राहिले’ म्हणावे, ते यामुळेच. म्हणून तरुणांनी आधी बोलवावे. नकार द्यायचा की नाही, ते ताई ठरवतील.